दोन कार्डांमधला माणूस

शोभाबाईला स्वप्नं दिवसाढवळ्या पडायची. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दारातून येणाऱ्या उजेडात ती साडी मांडीवर पसरून बसे आणि पदराच्या नक्षीवर एकेक खडा चिकटवत राही. गोंदाचा वास डोक्यात चढला की समोरची गल्ली हळूहळू पातळ होई. मग साडीची निळी जमीन म्हणजे पाणी, आणि खडे म्हणजे पलीकडच्या काठावरच्या गावातले दिवे. बोटं आपलं काम करत राहत आणि बाई तापीच्या काठाकाठाने वर, खानदेशाकडे निघालेली असे. तापी तिकडून इकडे येते, शोभाबाई मनाने इकडून तिकडे जाई. वाटेत कुठेतरी दोघींची गाठ पडत असणार, असं तिला वाटायचं.

तिचा नवरा दगाभाऊ जवळच्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता. थोरल्या भावानंतरची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून याचं नाव दगा ठेवलेलं. दगडासारखं नाव, मरणाने बघावं आणि पुढे निघून जावं. मिलमध्ये दिवसभर वाफ. मशीनचं झाकण उघडलं की वाफेचा एक ढग बाहेर येतो आणि त्यात माणूस दिसेनासा होतो, असं दगाभाऊ सांगायचा. लग्नानंतर पहिली काही वर्षं शोभाबाईला त्याची काळजी वाटे. पुढे तिने मनाशी ठरवून टाकलं की रोज सकाळी आपला नवरा ढगात जातो आणि संध्याकाळी ढगातून परत येतो. त्याच्या टाचेच्या भेगांत कधी गुलाबी, कधी मोरपंखी रंग अडकलेला असे. त्यावरून ती आज मिलमध्ये कुठला माल चालला ते ओळखायची.

अलीकडे मात्र तो परत यायचा तो अर्धाच. खालून लोखंडी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचा, कठडा धरून उभा राहायचा, आणि कुणी बघतंय असं वाटलं की खाली काहीतरी पडल्यासारखा वाकून शोधायचा. शोभाबाई वरून बघत असे. काही पडलेलं नाही हे तिला ठाऊक होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हृदयातली एक झडप आवळत आली आहे, ती बदलावी लागेल. दवाखान्याचं सरकारी कार्ड असेल तर सगळं त्यात होईल. नसेल तर खर्च आवाक्याबाहेरचा. दगाभाऊ एकाच मशीनवर उभं आयुष्य काढलेला माणूस, पण कागदोपत्री ठेकेदाराचा. मिलच्या विम्यात त्याचं नाव कधी चढलंच नव्हतं. आणि सुरतेत दवाखान्याचं कार्ड काढायचं तर सुरतेचं रेशनकार्ड हवं. त्यांचं रेशनकार्ड गावाला होतं, तापीकाठी, नरडाण्याच्या पुढे.

नेमक्या याच कामासाठी जयश्री दर रविवारी गल्लीत फिरायची. पोरगी औषधांचं शिक्षण घेतलेली, मेडिकलच्या दुकानात कामाला. सुट्टीच्या दिवशी आरोग्य हक्क समितीचं काम करायची. ही समिती म्हणजे तिच्यासारखी सात-आठ पोरं, एक निवृत्त मास्तर आणि उधन्यातला एक रिक्षावाला. जो माणूस सुरतेत राबतो त्याला दवाखान्याचं कार्ड सुरतेतच मिळालं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. सह्या गोळा करा, कचेरीवर चला, सभेला या म्हटलं की गल्ली हौसेने पुढे यायची. पण गावच्या कार्डातून नाव कमी करून इथे चढवून घ्या, म्हणजे निदान आजचं काम होईल, असं जयश्री म्हणाली की सगळ्यांना कामं आठवायची. कुणी नळाला भांडं लावायला जाई, कुणाचं दूध उतू जाई. ही माणसं सभेला येतात आणि स्वतःच्याच भल्याचं एक पाऊल का टाकत नाहीत, हे जयश्रीला काही केल्या कळत नव्हतं. तिचं घराणं नागपूरकडचं. तिला कानबाई माहीत नव्हती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात. त्याआधी गहू मोजतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, अगदी पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा. ते गहू दळून देवीचे रोट होतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. ज्याच्या नावाची पडली नाही तो वेगळा झाला. सुरतेत राहून वर्षं लोटली, पोरं आपसात गुजराती बोलायला लागली, तरी तिकडे श्रावणात आपल्या नावाची मूठ पडते, या एका गोष्टीवर पांडेसऱ्यातल्या खानदेशी माणसांच्या कितीतरी खोल्या उभ्या होत्या.

शोभाबाई लग्नानंतर पहिल्यांदा कानबाईला गेली तेव्हा तिने ओसरीवरून डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर भाईदासभाऊ, सुपाशी बसले होते, एका हातात गहू आणि दुसऱ्या हातात रेशनकार्ड. कार्डात बघत, नाव घेत, मूठ टाकत. नव्या नवरीच्या मनावर ते चित्र कोरलं गेलं. पुढे सुरतेत कुणीतरी रेशनकार्ड इकडे आणायची गोष्ट काढली तेव्हा तिने गल्लीतल्या बायकांना ते सांगितलं. रोट कार्डावरून मोजतात. कार्डातून नाव गेलं की रोटातून गेलं. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं, नवऱ्यांनी मिलमध्ये सांगितलं, आणि बघता बघता तो रिवाजच झाला.

त्या वर्षी आषाढ सरता सरता दगाभाऊ जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला तो बसलाच. शोभाबाई खाली गेली. त्याचा हात धरून बसून राहिली. तो बोलला नाही, बोलायला वाराच नव्हता त्याच्याकडे. त्या पायरीवर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले आणि तिला दिसलं की तापीवरून नावं वाहत येत आहेत. गव्हाच्या दाण्यांसारखी हलकी, एकामागून एक. ती काठाला उभी राहून दगाचं नाव शोधते आहे. ते आलं, पण काठाला लागेना. तिथेच भोवऱ्यात फिरत राहिलं.

ती उठली आणि जयश्रीच्या घरी गेली. म्हणाली, मी गावाला जाऊन नाव कमी करून आणते. जयश्रीला इतका आनंद झाला की तिने लगेच कुठले कागद लागतील ते सांगायला सुरुवात केली. शोभाबाई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जयश्री मधेच थांबली. तेव्हा कुठे शोभाबाईने तिला मुठीची गोष्ट सांगितली.

"म्हणजे मावशी, सगळी गल्ली यासाठी अडून बसलीय?" जयश्रीने विचारलं.

"हो. आणि सांगितलं मीच त्यांना."

गाडी उधन्याहून सुटली. खिडकीबाहेर बारडोली, व्यारा, सोनगड अशी गावं हिरव्या ओल्या उजेडात एकमेकांत मिसळत गेली. या वाटेवर तापी फारशी दिसत नाही, पण ती शेतांच्या पलीकडून बरोबर चालली आहे असं शोभाबाईला सारखं वाटत होतं. नवापुरानंतर डब्यातल्या बायकांची बोली बदलली. गुजराती मागे पडली आणि अहिराणी आली, पाणी गरमवरून कोमट व्हावं तशी. शोभाबाई पिशवी पोटाशी धरून अर्धी झोपेत, अर्धी जागी. नवरा जगवायचा तर त्याला घराण्यातून वजा करून आणायचं, हे असं गणित आपल्याच वाट्याला का, एवढाच विचार मनात येत होता आणि विरत होता.

घरी पोचली तर गव्हाचाच दिवस. भाईदासभाऊ ओसरीवर सुपाशी बसलेले, हातात कार्ड. जेठासमोर सरळ बोलायची रीत नव्हती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दाराआड उभी राहिली आणि जेठाणी सुंदराबाईच्या कानात सगळं सांगितलं. दगाभाऊचा श्वास, झडप, कार्ड, आणि नाव कमी करायचं. सुंदराबाई एकेक वाक्य मोठ्याने ओसरीवर पोचवत गेली. शेवटचं वाक्य पोचवताना तीही अडखळली.

भाईदासभाऊंनी हातातले गहू खाली ठेवले. मग त्यांनी विचारलं की दगाला इतकं झालं आणि मला आज कळतंय का. शोभाबाईने दाराआडून सुंदराबाईकरवी सांगितलं की कळवायचं तर नाव कापायचंही सांगावं लागलं असतं, आणि नाव कापलं तर रोट मोजले जाणार नाहीत.

"का नही मोजाव?" भाईदासभाऊंना खरोखरच कळलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. हातातल्या कार्डाकडे बघत ते हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला आला. "सुंदरा, तिले सांग. घरमा इतला पोरं, मन्हा ध्यानमा नावं ऱ्हातस नही, म्हणीसन कारड हातमा धरस. रोट काय कारडना ऱ्हातस का?"

सुंदराबाईने दाराकडे वळून तेच पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण शोभाबाईने ऐकलं होतं. ती दाराआडच्या भिंतीला टेकून खाली बसली. पलीकडे भाईदासभाऊंनी मूठ भरली, दगाचं नाव घेतलं आणि गहू सुपात पडल्याचा आवाज झाला. मग योगराजचं नाव घेतलं, तिच्या मुलाचं, आणि पुन्हा तसाच आवाज. कितीतरी वर्षं ज्या भीतीला तिने देवीच्या बरोबरीने जपलं, ती एका विसरभोळ्या माणसाची आठवणीची खूण निघाली होती. तिला हसूही येईना आणि रडूही. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तिला वाटत होतं की आपण अजून गाडीतच झोपलेलो आहोत.

दुसऱ्या दिवशी भाईदासभाऊ स्वतः तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत आले. नाव कमी केल्याचा दाखला मिळाला.

सुरतेला परतल्यावर गल्लीला सांगणं हे जास्त अवघड काम होतं. नळावर तिने बायकांना थांबवून खरं काय ते सांगितलं. कार्डाचा आणि रोटाचा काही संबंध नाही, जेठांच्या डोक्यात नावं राहत नाहीत म्हणून ते कार्ड धरतात. शेजारची सुषमा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तुमच्या जेठांना विसरायला होतं म्हणून आम्ही इतकी वर्षं दवाखान्याबाहेर बसलो?" मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच हसल्या. पुढे बरेच दिवस कुणाला काही आठवलं नाही की लोक म्हणायचे, कार्ड धर हातात. पण त्या हसण्यानंतर गल्लीतून एकेक माणूस गावाला जाऊन नाव कमी करून यायला लागला आणि जयश्रीच्या पिशवीत दाखले जमायला लागले.

मग नवीच अडचण पुढे आली. नाव तिकडे एका दिवसात कमी झालं, पण इकडे चढायला वेळ लागत होता. खिडकीवरचा माणूस म्हणायचा, प्रोसेसमध्ये आहे. गणपती बसले आणि उठले. नवरात्र आलं. आणि दगाभाऊच्या पायांना सूज चढली. एका सकाळी श्वास असा लागला की योगराजने त्याला पाठीवर घेऊन जिना उतरवला आणि रिक्षात घातला.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला. गावचा नंबर बंद झालेला. सुरतेचा अजून उघडलेला नाही. ती उद्धटपणे बोलली नाही. उलट फार हळू म्हणाली, "मासी, हे तर आता कुठेच दिसत नाहीत."

शोभाबाई वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत दगाभाऊ उशांना टेकून बसला होता, नाकाला नळी लावलेला, मान हलवून मुलाला काहीतरी सांगत होता. तिला तो स्पष्ट दिसत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की औषधांवर थोडे दिवस निघतील, फार नाही.

उधन्यात समितीने लोकांची सुनावणी ठेवली होती, ती त्याच आठवड्यात आली. एका समाजाच्या वाडीतला, म्हणजे कार्यालयातला हॉल, वर पंखे, खाली सतरंज्या. पुरवठा खात्याचे एक साहेब येऊन बसले होते. बोलावल्यावर येतात तरी, एवढं मोठेपण त्यांच्यात होतं. माणसं उठून आपापलं सांगत होती. कुणाची आई, कुणाचा डोळा, कुणाचं बाळंतपण. आवाज पंख्यांत मिसळून गोल गोल फिरत होते आणि शोभाबाईच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो भोवरा आला, मधे फिरणारं एकच नाव. जयश्रीने तिचं नाव दोनदा पुकारलं तेव्हा कुठे ती उठली.

तिने दगाभाऊचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं उत्तर दिलं, "बेन, पहेला त्यां नाम कमी थाय, पछी अहिंया उमेराय." आधी तिथे कमी होणार, मग इथे वाढणार. नियमच तसा, एका माणसाची दोन नावं राहू नयेत म्हणून.

"ते बरोबर आहे, साहेब," शोभाबाई म्हणाली. "दोन नकोत. पण माझे मालक मिलमध्ये आहेत. तिथे कापडाचा एक ताका संपत आला की तो संपायच्या आधीच दुसऱ्या ताक्याचं टोक त्याला शिवतात. म्हणून कापड मशीनमधून सलग जातं. तुम्ही आधी कापलंत आणि शिवायला वेळ लागला. तेवढ्यात माणूस आजारी पडला. तिकडे विचारलं तर तो तिकडे नाही, इकडे विचारलं तर इकडे नाही. नवं कार्ड हातात येईपर्यंत जुनं चालू ठेवा आणि त्यावरच इथे दवाखाना द्या. एवढंच मागते. आधी शिवा, मग कापा."

हॉलमध्ये बसलेले निम्मे लोक मिलमधले. त्यांच्या माना आपोआप हलल्या. साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण काढघाल करत बसले. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं की नियम बदलणं त्यांच्या हातात नाही, ते गांधीनगरला होतं. पण ज्यांचं नाव चढायच्या वाटेवर आहे आणि माणूस आज दवाखान्यात आहे, त्यांच्यापुरतं, नाव चढलं असं धरावं, असं पत्र ते दवाखान्याला देऊ शकतात. असे कोण कोण आहेत, त्यांनी विचारलं. चार हात वर झाले. शोभाबाईने स्वतःचा हात वर केला नाही, तिला ते सुचलंच नाही. जयश्रीने तिचा हात धरून वर उचलला.

पत्र दवाखान्याने ग्राह्य धरलं. ऑपरेशनच्या दिवशी दगाभाऊला आत नेलं आणि शोभाबाई बाहेर बाकावर बसली. त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. काही दिसलंच तर भलतं दिसेल अशी तिला धास्ती होती. समोरच्या भिंतीचा पिवळा रंग ती एकटक बघत राहिली. वॉर्डबॉय आले-गेले, योगराज चहा आणून, तो थंड झाला तरी, हातात धरून बसला. दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, झडप नीट बसलीय, उद्या बोलतील.

बोलायला त्याने तीन दिवस लावले, आणि मग थांबेना.

थंडी पडली. समितीने गांधीनगरला जायचं ठरवलं. बस ठरली, कापडावर रंगाने लिहिलं गेलं, आधी शिवा मग कापा. कापड मिलमधल्याच कुणीतरी दिलं होतं. पाच पत्रांनी पाच माणसं सुटली, पण गल्लीत अजून कितीतरी जण दोन कार्डांच्या मधे अडकलेले होते. कुणाला कधी दुखेल ते काही सांगून येत नाही.

निघायच्या सकाळी शोभाबाई पिशवी भरत होती. दगाभाऊ खाली पारावर बसला होता, तिथे त्याला कुणाकडून तरी कळलं. तो जिना चढायला लागला आणि चढता चढताच बोलायला लागला.

"योगराजनी माय, तू कोठे निंघनी? गांधीनगरले जाई काय करशी? दोन दिन मन्ही भाकर कोन टाकी? योगराजले चहाबी करता येत नही. आन् ती जयश्रीले सांग, मन्ही बायको काय तिन्ही फौज शे का? आठे घरमा माणूस आजारी, आन् बाई चालनी मोर्चाले..."

शोभाबाई पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. ती शब्द ऐकत नव्हती. पहिली पायरी, दुसरी, मधली पायरी मागे पडली, आणि तक्रार कुठेही तुटली नाही. तो वर येऊन दारात उभा राहिला, चेहरा रागाने लाल, आणि अजून बोलतच होता. सुषमा आपल्या दारातून हे ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, आजारी कोण म्हणालात?"

दगाभाऊ थबकला. त्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात," शोभाबाई म्हणाली. "बाकीचं मी आल्यावर बोला. सगळं ऐकून घेईन."

तिने पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरायला लागली. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजत होता, आणि वरून दगाभाऊ आता साखरेचा डबा कुठे ठेवला ते विचारत होता.